तुझ्या हातच्या शेवटच्या वड्या

जागृती,

तू गेलीस त्या दिवशी आपल्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं रनाळं आलं होतं. सुरतहून तुझ्या माहेरची माणसं आली. धानोऱ्याची ती बांगडीवाली आली, जिच्याशी मी इतक्या वर्षांत कधी दोन शब्द बोलले नव्हते. 'सोनासारखी बाई व्हती व,' म्हणत प्रत्येक बाई माझ्याच गळ्यात पडत होती. घरातली मोठी सून मी. सगळ्यांना सावरत होते, तांब्यातांब्याने पाणी देत होते, आणि मनात काय चाललं होतं सांगू? मी गेल्यावर एवढ्या बाया येतील का? माझ्यासाठी ती बांगडीवाली असं ऊर बडवून रडेल का?

मेलेल्या माणसाचा हेवा करणारी बाई तू पाहिली नसशील. आता पाहून घे.

तुझ्याशी मी कधी असल्या पुस्तकी मराठीत बोलले नाही. आपलं सगळं भांडण, सगळं हसणं अहिराणीत झालं. पण कागद समोर घेतला की हात शाळेतलीच भाषा लिहितो, त्याला माझा इलाज नाही. तू समजून घेशील. तू सगळ्यांना समजून घ्यायचीस, हाच तर माझा तुझ्यावरचा पहिला राग.

तू या घरात आलीस तेव्हा स्वयंपाकघर माझं होतं. खापरावरची पुरणपोळी मी करायची, बासुंदी मी आटवायची, दोन रंगांची बर्फी मी थापायची. लग्नाकार्यात लोक जेवणं आटोपून विचारायचे, 'गोड कोण करं?' आणि सासूबाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. तुझी पोळी तेव्हा तव्याला चिकटायची. मिलमधल्या कामगाराची लेक, सुरतेतल्या दोन खोल्यांत वाढलेली, गॅसवर पटकन डाळभात करून मोकळी होणारी. मला बरं वाटलं होतं. धाकटी जाऊ अशीच असावी.

मग माझ्या मयुरीने दूध सोडलं.

तुला तो दिवस आठवतो, मलाही आठवतो, पण आपण दोघींनी त्याबद्दल कधी धड बोलून घेतलं नाही. आपल्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. म्हैस पान्हा सोडेना. ह्यांनी त्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. म्हैस त्याला चाटायला लागली, आणि दूध आलं. गावात हे सगळेच करायचे, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण मयुरी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. सातवीत होती. संध्याकाळी मी तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला तर तिने तो हाताने लांब सारला. म्हणाली, 'ती त्याला खरं समजून चाटत होती, मम्मी.'

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. नाही विसरली. दूध गेलं, मग दही, ताक, तूप, पेढे, श्रीखंड सगळं गेलं. ज्या घरात तुपाची बरणी कधी रिकामी झाली नाही, त्या घरची पोर कोरडी पोळी खायला लागली. मी समजावलं, रागावले, रडले. तिच्या वाढदिवसाला बासुंदी केली आणि ती पानावरून न जेवता उठली. माझ्या हातचं गोड खाणारं सगळं गाव होतं, आणि माझी पोर तेवढी खात नव्हती.

तू मात्र त्या दिवशी एवढंच म्हणालीस, 'नही खास तं ऱ्हाऊ दे ना ताई. आपन दुसरं काही करूत.'

किती सोपं होतं ते. मला का नाही सुचलं, हे मी तुला आजही विचारू शकत नाही आणि स्वतःलाही नाही.

पुढे ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथे तिला कळलं की अशा माणसांना व्हीगन म्हणतात. सुट्टीत आली तेव्हा तो शब्द घेऊन आली, जणू हरवलेलं नाव सापडलं. मी हसले. तू तो शब्द तिच्याकडून नीट म्हणून घेतलास, आणि ती गेल्यावर फोनवर शोधत बसलीस. मग एके दुपारी मी स्वयंपाकघरात आले तर माझ्या बर्फीच्या ताटात काळं काहीतरी पसरलेलं.

'हाई काय व?'

'बार शे ताई. चॉकलेटना. दूध नही, तूप नही.'

'दूध नही, तूप नही, मंग मिठाई कसानी व?'

तू हसलीस आणि कपाटातून खोबरेल तेलाची बाटली काढलीस. मी ओरडलेच, 'डोकाले लावानं तेल पोटमा टाकस का व तू?' तू बाटलीवरचं नाव वाचून दाखवलंस, खायचं तेल वेगळं असतं म्हणून. ते मी ऐकलं, पण सगळ्या गल्लीत सांगताना मी डोक्याचंच तेल सांगितलं.

पहिल्या वेळी ते नुसतं कडूजहर झालं होतं. दुसऱ्या वेळी ताटातून निघालंच नाही. मला किती आनंद झाला होता! पण तू सोडलं नाहीस. नंदुरबारला बाजाराला गेलो की तू त्या मोठ्या किराणा दुकानात चॉकलेटची पाकिटं एकेक उलटी करून, चष्मा कपाळावर चढवून, बारीक अक्षर वाचत उभी राहायचीस. दुकानदार कंटाळून विचारायचा, 'ताई, काय देखी ऱ्हायनी?' तू म्हणायचीस, 'याम्हा दूध शे का, ते.' तो म्हणायचा, 'शे ना! एकदम दूधवालं शे!' आणि तू पाकीट परत ठेवून द्यायचीस. तो तोंड उघडं टाकून बघत राहायचा. मी लांब साड्यांच्या दुकानापाशी उभी. तुझ्यासोबत आहे असं मला दाखवायचं नव्हतं.

आणि मग एक दिवस तुला ते जमलं. खाली खजूर, बदाम आणि भाजलेले दाणे दाबून बसवलेले. मधे दाणे तेल सुटेपर्यंत वाटून, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून केलेला मऊ थर. वर काळं चकचकीत चॉकलेट, त्यावर काजूचे काप आणि धडगावकडच्या बायका बाजाराला आणतात ती चारोळी. तू सुरी गरम पाण्यात बुडवून कापलंस आणि तुकडा उभा धरलास. तीन थर, तीन रंग. माझ्या दोरंगी बर्फीला एक रंग कमी पडला, असं मला वाटलं.

'ताई, जराखी चाखी देख ना.'

मी चाखली. दाताखाली आधी चॉकलेट मोडलं, मग गूळ-दाण्याचं मऊ आलं, मग खजूर चिकटला. जागृती, ते फार चांगलं होतं. मी म्हणाले, 'ठीक शे.'

मयुरी दिवाळीला आली आणि तिने तो बार खाल्ला. खाता खाता रडायला लागली. या घरात इतक्या वर्षांनी तिच्यासाठी कोणी गोड केलं होतं. तिने तुला मिठी मारली. मी तिथेच होते, करंजीचं सारण ढवळत. मला पाठमोरी तू दिसत होतीस आणि तुझ्या खांद्यावर माझ्या पोरीचं तोंड. त्या मिठीतलं अर्धं तरी माझं असायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आता तू नाहीस तरी तसंच वाटतं. खोटं कशाला सांगू.

तिथून पुढे तिचा फोन आला की आधी 'काकू कुठे आहे?' गावी यायच्या आधी मला विचारायची तब्येत आणि तुला विचारायची बार. मी त्याला हट्टाने वडीच म्हणायचे. वडी म्हटलं की ती माझ्या राज्यात येत होती, बार म्हटलं की तुझ्या.

पण खरं जळत होतं ते वेगळ्याच गोष्टीने. तुझा यश. तो लहानपणापासून माझ्या बासुंदीवर वाढला. तुझ्या बारला तो 'औषध' म्हणायचा, हात लावायचा नाही, आणि माझ्याकडे येऊन पातेलं खरवडून खायचा. मला वाटायचं, आता हिला कळेल, आपलं लेकरू दुसरीच्या हाताला लागलं की कसं होतं. मी मुद्दाम तुझ्यासमोर त्याला वाढायचे. आणि तू काय म्हणायचीस? 'खाऊ दे ना ताई. मले तशी जमस नही.' आणि खरंच आनंदाने त्याच्याकडे बघत बसायचीस. तुझ्या चेहऱ्यावर मी फार शोधलं ग. एखादी आठी, एखादा उसासा. काही नाही. तुला माझा कधी हेवाच वाटला नाही. दोघींनी एकमेकींवर जळलं असतं तर बरोबरी झाली असती. तू मला एकटीलाच जळत ठेवलंस.

या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मयुरी येणार होती. ती येणार म्हणून तू आधीच बार करून ठेवलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तू खाली बसलीस, डोकं फार दुखतंय म्हणालीस, आणि मग आडवी झालीस. भाऊजींनी आणि ह्यांनी तुला उचलून गाडीत घातलं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतेला न्यायला सांगितलं. मी मागच्या सीटवर तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सारखी म्हणत होते, 'जागृती, डोळा उघड व बहीन.' तू उघडला नाहीस. सुरत यायच्या आतच सगळं संपलं. तुझं माहेर अगदी जवळ आलं होतं.

आपल्याकडे आखाजी झालीच नाही. समोरच्यांच्या लिंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणायला निघाल्या आणि आपल्या दाराशी आल्यावर गप्प झाल्या.

मयुरी पुण्याहून आली ती माझ्याजवळून निघून थेट तुझ्या खोलीत गेली. तुझे दिवस संपून गंधमुक्ती होईपर्यंत ती तुझ्याच पलंगावर झोपली. पाहुणे गेल्यावर मी फ्रीज आवरायला घेतला, तेव्हा फ्रीझरमध्ये तो डबा सापडला. स्टीलचा, तुझ्या माहेरचा, झाकणावर तुझ्या वडिलांचं नाव कोरलेला. उघडला तर तुझे बार, मधे मधे बटरपेपर घालून रचलेले. मयुरी मागे उभी होती. तिने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं आणि परत आत ठेवला.

'मम्मी, ह्याला कोणी हात लावायचा नाही.'

'तू खा तरी. तुझ्यासाठीच आहेत.'

'खाल्ले की संपतील ना.'

त्या दिवसापासून घरात तो डबा म्हणजे तूच झालीस. ती दिवसातून कितीदा तरी फ्रीझर उघडून नुसतं बघायची. मी तिच्यासाठी नारळाच्या दुधात खीर केली, पहिल्यांदाच, खूप जीव लावून. तिने दोन चमचे खाल्ले, 'छान आहे' म्हणाली, आणि परत जाऊन डबा बघून आली. जागृती, मी एका डब्यावर जळत होते. माझी पोर घरात होती, रोज समोर होती, तू मधे नव्हतीस, आणि तरी तूच होतीस.

आणि मग गावातली विजेची डीपी जळाली. आपल्याकडे उन्हाळ्यात जळतेच. सगळ्या गावाची वीज गेली, दुसऱ्या दिवशीपर्यंत येत नाही म्हणाले. बाहेर ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. दुपारपर्यंत फ्रीझरमधलं पाणी खाली ठिबकायला लागलं. मयुरी वेडी झाली. बर्फ आणायला सगळ्या गल्ल्या फिरून आली, ओली गोणपाटं डब्याभोवती गुंडाळली, पंख्याने वारा घालत बसली. ती वारा घालत होती आणि रडत होती.

यश ओट्यावर बसून बघत होता. तू गेल्यापासून तो फारसा बोलला नव्हता. डोकं भादरलेलं, गाल बसलेले. तो हळूच माझ्याजवळ आला.

'मोठी आई, मम्मीन्या हातन्या शेतस ना त्या?'

'हो.'

'मी कधीच खाद्या नही.'

एवढंच म्हणाला आणि परत जाऊन बसला. मागितलं नाही. तुझा पोरगा तुझ्यासारखाच, मागत नाही.

मयुरीला माझ्याकडे ओढून घ्यायची हीच वेळ होती. मी तिच्याशेजारी बसून वारा घातला असता, बर्फासाठी नंदुरबारला गाडी पाठवली असती, तर ती माझ्या कुशीत आली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं मी त्याचीच तर वाट बघत होते. मी उठले, गोणपाट बाजूला केलं, आणि डबा उघडला.

'मम्मी! काय करतेस?'

'यशला देते.'

'ते माझ्यासाठी केले होते! त्याला तर आवडतही नव्हते!'

'केले तुझ्यासाठीच. पण आई त्याची गेली.'

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत परकी झाले. मी तरी यशला हाक मारली. चॉकलेट मऊ पडलं होतं, वरचा थर बोटाला लागत होता. मी एक बार वाटीत घालून त्याच्या हातात दिला. त्याने एक घास घेतला आणि चावायचाच थांबला. मग सावकाश चावला. 'मयुताई,' तो म्हणाला, 'हाई तं भारी शे. मले कसं कोणीच सांगं नही?' आणि मग तो जो रडायला लागला, स्मशानातही रडला नव्हता तसा.

मयुरीने हातातला पंखा खाली ठेवला. मग त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि त्याच्याच वाटीतून तुकडा मोडला. भाऊजी आले, त्यांनाही दिला. ह्यांनी कधी तोंडात घातलं नव्हतं, तेही म्हशीची धार काढायची सोडून आले आणि उभ्याउभ्या खाऊन गेले. वीज यायच्या आत डबा संपला. बोटं चाटत, रडत, तुझ्या गमती सांगत सगळ्यांनी संपवला. तू कशी दुकानदाराला छळायचीस ते मयुरी सांगत होती, आणि यश हसत होता. मला कोणी दिला नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही. मीही मागितला नाही. तुझ्या हातची माझी शेवटची चव ती जुनीच राहिली.

मयुरी माझ्यावर रागावली नाही, पण जवळही आली नाही. पुण्याला निघताना पाया पडली, बॅग उचलली, आणि दारातून म्हणाली, 'मम्मी, आता बार कोण करणार?' मला तिचा हा प्रश्नच आवडला नाही. तू असतीस तर तिला मी आठवलेच नसते. पण म्हणाले, 'मी करेन.' ती म्हणाली, 'वडी नाही हं. बार.'

ती गेल्यावर मी करायला घेतले. खजूर, दाणे, सगळं तुझ्यासारखंच. पण एका बाबतीत आपलं भांडण राहिलं होतं. तुझं मधलं थापलेलं तू फ्रीजमध्ये अगदी दगड होऊ द्यायचीस आणि मग वर चॉकलेट ओतायचीस, म्हणून कापताना वरचा थर सुटून यायचा. मी म्हणायचे, बर्फीत आम्ही खालचा थर ओला असतानाच वरचा घालतो, नाहीतर काट्याने ओरखडे मारतो, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरतात. तू म्हणायचीस, 'ताई, ते मावानं शे, हाई चॉकलेट शे. याले चालस नही.' किती वेळा झालं हे. तू ऐकलं नाहीस आणि मी हात लावून दाखवलं नाही.

परवा मी माझ्याच रीतीने केले. मधला थर अर्धवट घट्ट झाला तेव्हा काट्याने ओरखडले आणि लगेच चॉकलेट ओतलं. दुपारी सुरी गरम करून कापले. तिन्ही थर घट्ट एकजीव. एकही सुटला नाही. कापही अगदी सरळ. यशला दिला, त्याने दोन खाल्ले आणि म्हणाला, 'मम्मीसारखाच झाया.' भाऊजी म्हणाले तसंच. मयुरीला फोटो पाठवला, तिने रडका चेहरा आणि लाल बदाम पाठवला आणि लिहिलं, 'सेम काकूसारखे!'

सेम नाहीत, जागृती. तुझ्यापेक्षा चांगले झालेत. मी ताट समोर घेऊन बसले आहे आणि मला हे पक्कं माहीत आहे. पण या घरात ते कोणी म्हणणार नाही, आता तर कधीच नाही. मेलेल्या बाईच्या हातापेक्षा जिवंत बाईचा हात चांगला, असं कोण म्हणेल?

तू म्हणाली असतीस. एक तुकडा उभा धरून, थर निरखून, जराही न जळता तू म्हणाली असतीस, 'ताई, तुन्हा मन्हापेक्षा चांगला व्हयना.'

तेवढं म्हणायला तरी थांबायचं होतंस.